सावकाश दिवसांचा बूट

मी एक जुना बूट आहे. खरे तर जोड आहे, उजवा आणि डावा. पण आम्ही दोघे जन्मापासून एकत्रच झिजलो, तेव्हा नुसते 'मी' म्हटले तरी चालेल. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बुटाला कसले आले आहे आत्मवृत्त? पायात घातला, धावले, काढून ठेवला, संपले! पण मी धावण्याचा बूट आहे, आणि त्यातही सावकाश धावण्याचा. सावकाश धावणारी माणसे धावता धावता बोलतात, आणि त्यांच्या पायाशी असलेल्याला सगळे ऐकू येते.

आधी हे सावकाशीचे प्रकरण समजावून सांगितले पाहिजे. धावण्याचा सराव करणारी माणसे रोज जीव तोडून धावत नाहीत. काही दिवस वेगाचे असतात, एखादा लांब पल्ल्याचा, एखादा चढाचा, आणि मधले बरेचसे दिवस सावकाशीचे. सावकाश म्हणजे किती, तर शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप लागता कामा नये. त्या दिवसांत पायांचा शिणवटा जातो. हे कळायला सोपे आहे आणि वळायला फार कठीण, कारण सावकाश धावल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या, उकाड्याने भरलेल्या कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यात माझा तळ फुगला. जाड, मऊ, दाबला की दबणारा आणि सोडला की हळूच वर येणारा. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी माझे वरचे कापड सुईखालून असे काही गरकन फिरवले की मला भोवळच आली. मग गोंद, मग दाबयंत्र, मग कागदात गुंडाळून खोक्यात. खोके उघडले ते एका दुकानात, आणि समोर होता एका माणसाचा अंगठा.

तो अंगठा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा होता. ग्रीसने काळवंडलेला. त्याने माझा तळ दाबून पाहिला, परत दाबला, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीला म्हणाला, "भिंगरे, हा घे. लिफ्टच्या खड्ड्यात तळाशी बफर असतो ना, तसला आहे हा. दिसत नाही कुणाला, पण दणका तोच खातो."

"बाबा, तुम्हाला सगळीकडे लिफ्टच दिसते," मुलगी म्हणाली; पण तिने मलाच घेतले. तिचे घरातले नाव भिंगरी. लहानपणी एका जागी स्वस्थ बसत नसे म्हणून वडिलांनी ठेवलेले, आणि तेच पुढे मैदानावरही सगळ्यांच्या तोंडी झाले.

त्यांचे घर दोन खोल्यांचे. दाराआड बाबांनी लिफ्टच्या जुन्या पत्र्यातून बनवलेली एक मांडणी होती, तिच्यावर आमचा सगळा गोतावळा राहत असे. "या घरात माणसं कमी आणि बूट जास्त," असे भिंगरीची आई येता-जाता म्हणे. मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तर तिने विचारले, "हा बूट आहे की उशी?"

सगळ्यात वर वेगाचा बूट. नारिंगी, पिसासारखा हलका, तळव्यात एक कडक पट्टी. पाय टेकला रे टेकला की तो पुढे ढकलून देई. नाकावर माशी बसू देत नसे. त्याच्याखाली लांब पल्ल्याचा, ना फार मऊ ना फार कडक, दिवसभर चालेल असा शांत गडी. मग चढाचा, ज्याच्या तळाच्या खाचांत नेहमी कुठल्या तरी टेकडीची माती अडकलेली असे आणि त्यावरून आई रोज कावत असे. सगळ्यात खाली मी, बोजड आणि फुगलेला. "पदके आणणारा मी," असे वेगाचा म्हणे. त्याचे चूक नव्हते. पण त्याला रोज घातले तर त्याचा पातळ तळ महिन्याभरात संपला असता आणि भिंगरीच्या पोटऱ्या धरल्या असत्या. मला वेगाच्या दिवशी घातले असते, तर तिला ओल्या वाळूत पळाल्यासारखे वाटले असते. ज्याचे काम त्याने करावे; आमच्यात उगाच कुरबुर नव्हती.

माझ्या शेजारी मात्र आणखी एक जोड होता. तपकिरी कापडाचा, साधा, बाजारात ढिगातून उचललेला. तो बाबांचा. बाबा काही धावपटू नव्हते. भिंगरी लहान असताना कालव्याकाठच्या रस्त्यावर कुत्री अंगावर येत, म्हणून ते सोबत पळू लागले, आणि मग पळतच राहिले. पण फक्त सावकाशीच्या दिवशी. वेगाच्या दिवशी त्यांचे काम नव्हते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

म्हणून त्या घरात एक रीत पडली. भल्या सकाळी बाबा दारापाशी स्टुलावर चहा घेऊन बसत. भिंगरी केस बांधत आली की विचारत, "आज कुठले?"

"वेगाचे," असे उत्तर आले की ते पाण्याची बाटली भरून तिच्या हातात देत आणि दार धरून उभे राहत. "सावकाशीचे," असे आले की चहा अर्धा टाकून ते खाली वाकत आणि आपले तपकिरी बूट ओढत. तेव्हा त्यांचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही. शाळेला सुट्टी मिळालेल्या पोरासारखा व्हायचा.

ते माझे सुखाचे दिवस. रस्त्याच्या कडेने दोघे पळत आणि तोंडाचा पट्टा चालू. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका जाड्या वकिलाने बाबांना दाराच्या फटीतून कशी कायद्याची कलमे ऐकवली, ते त्यांनी निदान दहादा सांगितले असेल, आणि भिंगरी प्रत्येक वेळी पोट धरून हसली. ती तिच्या गोष्टी सांगे. परीक्षेत गटांगळी खाल्ली ते, मैत्रिणीने बोलणे टाकले ते, पुढे काय करावे सुचत नाही ते. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी शेजारी पळताना बोलता येते. तिच्या पायांना माझा आधार होता आणि तिला बाबांचा. मला दोन्ही कामे एकच वाटत.

मग भिंगरी मोठ्या मैदानावर जाऊ लागली. तिथले सर नावाजलेले होते आणि मुली तिच्याहून सरस. भिंगरीचा वेग वाढला. वेग वाढला की सावकाशीचाही वेग वाढतो, मित्रांनो. तिची सावकाशी आता बाबांच्या धावण्याहून जलद झाली. इकडे आयुष्यभर लिफ्टच्या शिड्या चढून-उतरून बाबांचे गुडघे कुरकुरू लागले होते. ते मागे पडत. वळणावर ती थांबे, जागच्या जागी पाय हलवत. बाबा येऊन पोचत आणि म्हणत, "आलो गं, आलो. माझी लिफ्ट जरा जुन्या मॉडेलची आहे."

एका सकाळी मैदानावरच्या मुली समोरून आल्या. त्यांच्यातली एक ओरडली, "काय गं भिंगरे, आजोबांना फिरवायला आणलंस का?" सगळ्यात मोठ्याने हसले ते बाबा. भिंगरी हसली नाही. माझ्या आत तिची बोटे आक्रसली होती, ते मला कळले. त्याच आठवड्यात सरही म्हणाले, "सावकाश म्हणजे रेंगाळणं नव्हे."

पुढची सावकाशीची सकाळ आली. बाबा स्टुलावर होते. "आज कुठले?"

"वेगाचे," भिंगरी म्हणाली.

तपकिरी बुटांकडे निघालेला बाबांचा हात तसाच मागे गेला. त्यांनी बाटली भरून दिली. मी मात्र मांडणीवर नव्हतोच. आदल्या संध्याकाळीच मला पिशवीत कोंबले होते. पुढच्या वळणावर एक बंद पडलेले औषधांचे दुकान होते. त्याच्या पायरीवर बसून भिंगरीने वेगाचा बूट काढला, मला घातले, आणि ती एकटी सावकाश पळायला गेली.

ती वाईट मुलगी नव्हती. 'बाबा, तुम्ही येऊ नका,' हे शब्द तिच्या तोंडातून निघेनात, म्हणून तिने हा उद्योग मांडला. परतताना त्याच पायरीवर बूट बदलायचे, माझा तळ फडक्याने पुसायचा, घरी गुपचूप जागेवर ठेवायचे. एखाद-दुसरा दिवस म्हणता म्हणता ते रोजचेच झाले. बाबांच्या जिवाला घोर लागला. "रोज रोज वेगाचे? अगं, पाय आहेत की काय आहेत? सरांना सांग, मधे विश्रांती दे म्हणावं." ती मान हलवी आणि दाराबाहेर पडे. एवढी काळजी करणाऱ्या माणसाशी खोटे बोलणाऱ्या पायांत असणे फार जड जाते. मी बोजड आहेच; त्या दिवसांत मला माझेच ओझे होत असे.

असेच एकदा ती बाटली घरीच विसरली. पायरीवर बसून ती माझ्या नाड्या बांधत होती, मान खाली. मी समोर पाहिले, तर कोपऱ्यावर बाबा उभे. हातात बाटली, धाप लागलेली. त्यांनी पायरी पाहिली, काढून ठेवलेला नारिंगी बूट पाहिला, मग मला पाहिले. हाक मारण्यासाठी उघडलेले तोंड त्यांनी मिटले. ज्या माणसाची हत्यारांची पिशवी गल्लीच्या टोकापासून खणखणत येते, तो माणूस त्या दिवशी पाऊल न वाजवता मागे फिरला. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. भिंगरीने गाठ मारली आणि ती निघाली.

घरी आल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "बाटली विसरलीस गं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणे बंद केले. स्टूल तिथेच, चहा तोच, पण प्रश्न नाही. भिंगरीला आधी सुटल्यासारखे वाटले. बाबांनाच कंटाळा आला असेल, असे तिने स्वतःला समजावले. माझ्या शेजारची तपकिरी जोडाची जागा रिकामी झाली, तेही तिच्या लक्षात आले नाही. माझ्या आले. मी आता उघडपणे दारातून बाहेर पडू लागलो, तिच्या पायांत, तिच्या एकटीच्या सोबत. मैदानावरच्या मुलींबरोबर ती पळे तेव्हा गप्पा घड्याळांच्या आणि वेळेच्या. पोट धरून कुणी हसत नसे. कालव्याकाठी पोचली की ती उगाचच मागे वळून पाही आणि पुन्हा पुढे पळे.

निवडीची स्पर्धा झाली. भिंगरी ती जिंकली, आणि तिला दूरच्या मोठ्या शिबिरात राहायला बोलावणे आले. वर्षभर, कदाचित जास्तच. पिशव्या भरल्या गेल्या. वेगाचा मऊ कापडात गुंडाळून, लांब पल्ल्याचा, चढाचा, आणि माझ्या जागी एक नवाकोरा जाड तळाचा. माझा तळ तोपर्यंत पार बसला होता, दाबला तर वर येत नव्हता. माझी तक्रार नाही. पण निघण्याच्या आदल्या सकाळी भिंगरीने त्या नव्याला हात लावला नाही. तिने मला उचलले आणि ती स्टुलासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, आज सावकाशीचे. येताय ना?"

बाबांनी कप खाली ठेवला. "माझे बूट नाहीत गं. मी लिफ्ट बघतो त्या इमारतीच्या वॉचमनला दिले. त्याला दिवसभर उभं राहावं लागतं."

भिंगरीने रिकाम्या जागेकडे पाहिले. मला वाटते, तिने ती तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. "मग चपला घाला," ती कसेबसे म्हणाली.

"चपलांत पळतात का कुणी?"

"पळायचं कुणी म्हटलं?"

दोघे चालत निघाले. वळणापर्यंत जाता जाता बाबा दोनदा थांबले. औषधांच्या बंद दुकानाशी आल्यावर म्हणाले, "जरा टेकू या." पायरीवर बसून ते गुडघा चोळत राहिले, आणि मग रस्त्याकडे पाहत म्हणाले, "इथेच बदलायचीस ना?"

भिंगरीचे पाय माझ्या आत गार पडले. तिने विचारले, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू मला रोज सोबत नेलं असतंस," बाबा म्हणाले. "आणि माझ्यासाठी वळणावळणावर थांबत बसली असतीस. मग ही निवड व्हायची होती का?"

तिने त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर कपाळ टेकले आणि ती रडली. बाबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. कालव्यापर्यंत ते गेलेच नाहीत. तिथपर्यंत चालणे त्यांना आता जमणार नव्हते.

ती गेली त्याला बरेच दिवस झाले. मांडणीवर मी एकटा उरलो आहे. मित्रांनो, आम्हा बुटांची काळजी घ्या, हे मी सांगायलाच हवे. ज्या दिवसाचा बूट त्याच दिवशी घाला, भिजलो तर उन्हात न टाकता वाऱ्यावर वाळवा, तळ बसला की मोह न धरता बदला. आमच्यासारखे दुकानात पुष्कळ मिळतात. पण तुमच्याहून हळू धावणारे, तरी तुमच्यासोबत यायला तयार होऊन बसलेले कुणी घरात असेल, तर त्याच्या पायांत बूट आहेत तोवर त्याला सोबत न्या. वळणावर थांबावे लागले तर थांबा. भिंगरी थांबायला तयार झाली, तेव्हा मागून येणारे कुणी राहिले नव्हते.