अर्धा कप बाकी

दिवसभर मशीनवर वाकून शिंपीणबाईंच्या पाठीचं पार धनुष्य झालं होतं, म्हणून त्यांनी मोबाइलवर बघून व्यायाम धरला. पण व्हिडिओतली पोरगी कोपरांवर अंग तोलून "मी सांगेपर्यंत थांबा" म्हणाली, की बाई दोन श्वासांत सतरंजीवर आडव्या. कोचावरून चहा फुंकत सासूबाई म्हणायच्या, "नव्याचे नऊ दिवस."

आज मात्र शिंपीणबाई इरेला पेटल्या. खाली मान घालून तोलून राहिल्या. हात लटपटले, घामाच्या धारा लागल्या, मनातल्या मनात त्या पोरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला, तरी ती काही "सोडा" म्हणेना.

"ऊठ आता," शेवटी सासूबाईच म्हणाल्या. "नेट कधीच गेलंय. ती बया जागची हललेली नाही."

"कधीपासून?"

"मी चहाचा पहिला घोट घेतला तेव्हापासून." सासूबाईंनी रिकामा कप खाली ठेवला. "म्हटलं, बघू तरी सुनेत किती दम आहे."

दुसऱ्या दिवशी नेट धड होतं. पोरगी गोड आवाजात म्हणाली, "शाब्बास, सोडा आता."

"तू सोड, बाई," सतरंजीकडे बघत शिंपीणबाई म्हणाल्या. "आमचा अजून अर्धा कप बाकी आहे."