परीक्षकांचं मानधन

"सर, ये कॉन्टेस्ट है कि डोनेशन?"

"दोनो है," शालिग्राम म्हणाला.

"दोनो नहीं हो सकता सर. एक बताइए."

"क्यूं नहीं हो सकता? हमारे में दोनो साथमेंच होता है."

फोनवरची मुलगी थांबली. तिच्या मागे आणखी कितीतरी मुली आणखी कितीतरी शालिग्रामांना हेच समजावत असल्याचा गलका ऐकू येत होता. मग आदल्या दिवशीच्या मुलाने जे सांगितलं होतं तेच तिने सांगितलं. स्पर्धेच्या नावाने गोळा केलेली देणगी मोबाइलवर पैसे घेऊन देणाऱ्या त्यांच्या कंपनीच्या नियमात बसत नाही. फी घेऊन बक्षीस ठेवलं तर तो धंदा, त्याला परवाना हवा. देणगी म्हणावी तर संस्थेची नोंदणी हवी, नाहीतर गरजू माणसाने स्वतः मागायला हवी. तोवर रक्कम अडकलेली राहील. "और कोई सहायता, सर?"

"पहले ये तो करो," शालिग्राम म्हणाला. पण तोवर फोन त्याला, पाचपैकी किती तारे देणार, असं विचारू लागला होता.

सुरतेत भेस्तानच्या त्या गल्लीत शालिग्रामला सगळे वकील म्हणत. जवळच्या सचिन गावातल्या कापड कारखान्यात बंद पडलेले माग चालू करण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि उरलेला वेळ भांडण्यात. रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून, भाजीवालीशी काट्यावरून, शेठशी पगारातून कापलेल्या खाड्यावरून. या वकिलीतून मिळवलेलं आणि तिच्यापायी घालवलेलं समोरासमोर मांडलं असतं, तर धंदा तोट्यातच निघाला असता. पण माणसं फक्त फायद्यासाठी भांडतात असं ज्याला वाटतं, त्याने शालिग्रामला पाहिलेलं नाही.

हे भांडण मात्र खरोखरच गरजेचं होतं. बायकोच्या, रंभाबाईच्या गळ्याचं ऑपरेशन त्यावर अडलं होतं.

श्रावणात कानबाई बसली की नारळाच्या त्या देवीपुढे रात्रभर अहिराणी गाणी लागतात. भेस्तानपासून पर्वत पाटियापर्यंत जिथे म्हणून खानदेशी बिऱ्हाडं होती, तिथे या गाण्यांना रंभाबाई लागायची. तिने कधी कुणाचा पैसा घेतला नाही. शेजारणीने वाटीभर साखर दिली, तर वाटी परत जाताना तिच्यात शेंगदाण्याची चटणी असे. जन्मभर कुणाचं काही अंगावर न ठेवलेल्या बाईला गाठ झाली ती नेमकी गळ्यात. फुकट होणाऱ्या जागी नंबर दिवाळीनंतरचा मिळत होता. दुसऱ्या दवाखान्याने गणपती झाल्यावरची तारीख दिली, पण अर्धे पैसे आधी.

गल्ली द्यायला तयार होती. घेणारी तयार नव्हती. "मी कोनापुढे हात पसराव नही," असं तिने सांगून टाकलं होतं. तेव्हा तिला अजून बोलता येत होतं.

मग वकिलाने तोड काढली. कानबाईच्या गाण्यांची स्पर्धा. गाणं मोबाइलवर पाठवायचं, सोबत यथाशक्ती देणगी. पहिलं बक्षीस, शेठच्या कारखान्यातली साडी. परीक्षक, रंभाबाई. आणि जमलेली सगळी रक्कम म्हणजे परीक्षकांचं मानधन.

"एवढं मानधन ते मंत्रीले भी भेटत नही व्हई," शेजारची धुरपदाबाई म्हणाली. धुरपदाबाई म्हणजे गल्लीतली दुसऱ्या नंबरची गायिका. रंभाबाई तिथे राहायला आल्या दिवसापासून दुसरी. म्हणाली, आणि सगळ्यांत आधी पैसे तिनेच पाठवले.

रंभाबाईला सगळं कळत होतं. काही न कळल्यासारखं दाखवून तिने परीक्षकपद स्वीकारलं. तिच्या संसारात नवऱ्याच्या पुष्कळ गोष्टी अशाच चालल्या होत्या.

खालच्या मजल्यावरच्या किराणावाल्या हितेशने शालिग्रामला मोबाइलवर पैसे घ्यायचा कोड काढून दिला, आणि पैसे आले की मोठ्याने सांगणारी डबीही. ती डबी फ्रिजवर बसली आणि बोलू लागली. 'इक्यावन रुपये प्राप्त हुए.' सचिनहून आले, धुळ्याहून आले, अमळनेरहून आले. रंभाबाई भिंतीला टेकून फोन कानाला लावायची, आणि गाणारी चुकली की नुसतं बोट वर करायची. गाणं चांगलं झालं आणि त्याच वेळी डबी बोलली, तर डबीकडे रागाने बघायची.

कानबाईचं विसर्जन झालं. धुरपदाबाई पहिली आली. दुसऱ्या दिवशी डबी गप्प झाली.

रंभाबाईने हाताने विचारलं, काय झालं?

"चार्जिंग गयं," शालिग्राम म्हणाला.

तिथून त्याचे फोन सुरू झाले. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान गेले होते, म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजातच लावायचा, आणि म्हणून हल्ली घरात न लावता हितेशच्या दुकानासमोर लावायचा. गिऱ्हाइकं साबण घेता घेता ऐकायची.

"शालिग्रामकाका, लखी नाखो ने, लिहून टाका, डोनेशन," हितेश तेलाची पिशवी बांधत म्हणाला. "दवाखान्याचे कागद आहेत. काकींचा एक व्हिडिओ पाठवायचा. नाव सांगायचं, मला मदत जोईए छे म्हणायचं. पती गयुं, संपलं."

"तिनी म्हनाले पाहिजे ते?"

"नियम छे. पेशंटने स्वतः बोलवानुं."

"नियम खोटा शे."

"खोटो होय तो पण नियम छे, काका."

शालिग्रामने कंपनीला फोन लावून तो वरच्या साहेबाला द्यायला सांगितला. वरचा साहेब बाई निघाली. तिला त्याने शांतपणे, जणू मागाचा बिघाड समजावतोय तसं, समजावलं. "मॅडम, गाने के बिना दिया तो भीक. गाने के साथ दिया तो मान. आपके कंप्यूटर में मान का खाना नहीं है क्या?"

"सर, वो ऑप्शन में नहीं है."

"तो डालो."

बाई हसली नाही, हे तिच्या बाजूने जमेला धरलं पाहिजे. तिने तक्रार पुढे पाठवली. पुढच्या माणसाने आणखी पुढे. तिथून उलटा प्रश्न आला की मानधन घेणारी परीक्षक खातेदाराची कोण लागते? शालिग्रामने खरं उत्तर दिलं, आणि प्रकरण आणखी बिघडलं.

एखाद्याने असं विचारावं की व्हिडिओ करून टाकला असता तर काय गेलं असतं? हितेशने हे रोज विचारलं. शालिग्राम रोज म्हणायचा, "आजना दिवस पाहू." तो बायकोचा मान राखत होता की स्वतःची वकिली, हा हिशेब त्याचा त्यालाही लागला नसता. एवढं खरं की गणपती बसले, उठले, आणि दवाखान्याने ती तारीख दुसऱ्या कुणाला दिली.

एकदा कंपनीचाच फोन आला, नेमका घरी, जेवताना. शालिग्रामच्या बोटांना वरण लागलेलं. फोन उचलला गेला आणि नेहमीसारखा मोठ्याने बोलू लागला. पेशंट का व्हिडिओ. पेशंट खुद बोलेगा. आख़िरी मौका, सर.

रंभाबाई ताटासमोरून उठली. शालिग्राम म्हणाला, "तू बैस. मी पाहस." ती बसली नाही. आतून जरीची साडी नेसून आली, कुंकू नीट केलं, आणि भिंतीला न टेकता ताठ बसली. मग हाताने फोनकडे खूण केली.

शालिग्रामने हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले.

फोन धरल्यावर ती बोलू लागली. ओठ हलत होते. नाव सांगितलं असावं, गाव सांगितलं असावं. आणि मग ते वाक्य, जे तिने जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं, ते तिने म्हटलं. शालिग्रामला काहीच ऐकू आलं नाही. त्याला वाटलं आपले कान. त्याने हितेशला बोलावून व्हिडिओ ऐकवला. हितेशने फोन कानाला लावला, काढला, पुन्हा लावला.

"श्वास ऐकू येतोय," तो म्हणाला.

तरी पाठवला. उत्तर आलं, आवाज स्पष्ट नाही, अर्ज नामंजूर, सर्व रक्कम देणाऱ्यांना परत करण्यात येईल.

शालिग्रामने शेवटचा फोन केला. तो भांडला नाही. "मॅडम, उसका आवाजच गया है. उसीका तो ऑपरेशन है." पलीकडच्या मुलीने पुन्हा एकदा काहीतरी टाइप करून पाहिलं. मग ती मुलगी हळू म्हणाली, "सर, सिस्टम नहीं लेता." शालिग्रामने तिला पाच तारे दिले.

पैसे परत गेले. येताना डबी गल्लीभर ओरडायची. जाताना तिने हूं की चूं केलं नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि सांगितलं की गाठ आता खाली उतरलीय, कापण्यात अर्थ नाही, त्यांना आवडेल ते खायला घाला. गल्लीला हे संध्याकाळपर्यंत कळलं.

रविवारी दुपारी धुरपदाबाई दारात उभी राहिली. अंगावर जिंकलेली साडी होती, हातात घडी केलेल्या नोटा.

"मानधन देवाले उनू," ती म्हणाली. "स्पर्धा व्हयनी, निकाल लागना. परीक्षकनं देनं बाकी ठेवतस का कोनी?"

तिच्या मागे जिन्यावर आणखी बायका होत्या. त्यांच्याही हातात नोटा होत्या. ऑपरेशन होणार नाही, हे प्रत्येकीला माहीत होतं.

रंभाबाईने शालिग्रामकडून पूजेचं ताट मागवलं आणि पुढ्यात ठेवलं. धुरपदाबाई नोटा ठेवायला वाकली, तशी रंभाबाईने ताटावर हात आडवा धरला. मग एक बोट स्वतःच्या गळ्याला लावून तिच्याकडे केलं.

आधी गाणं.

"माय व," धुरपदाबाई म्हणाली, "जिकनू तरी अजून परीक्षाच का?" आणि उंबऱ्यात मांडी घालून तिने कानबाईला माहेरून आणायचं गाणं धरलं. दुसऱ्याच ओळीला बोट वर झालं. धुरपदाबाईने ओळ पुन्हा घेतली. बोट खाली आलं, तेव्हा कुठे ताटावरचा हात बाजूला झाला.

एकेक करून सगळ्या गायल्या. जिला येत नव्हतं तीही गायली. कुणालाही सूट मिळाली नाही.

बायका गेल्या. शालिग्रामने खिशातून पगाराचं पाकीट काढलं आणि ताटात ठेवायला हात पुढे केला. रंभाबाईचा हात पुन्हा आडवा आला.

"माले कथं येस गानं?" तो म्हणाला. "माले ते आयकू भी येत नही."

हात हलला नाही.

तेव्हा शालिग्रामने घसा खाकरला आणि सुरू केलं. सूर कुठेच नव्हता. रंभाबाई बोटाने ताटाच्या काठावर ठेका देऊ लागली. तो ठेका त्याला ऐकू येत नव्हता. तो फक्त तिचं बोट बघत होता, आणि ते पडेल तिथे शब्द टाकत होता.