न फुटलेला बार

"सांग ना त्याले, काय सापडलं तुले," मारोतराव खाटेवरून लेकीला म्हणाले आणि खोकल्यात अडकले. समोर मंगरू बसला होता. दोघांनी चिखल्याच्या मँगनीज खाणीत, जमिनीच्या पोटात आयुष्य काढलेलं. मारोतराव बार भरायचे, म्हणजे खडकातल्या भोकांत दारू ठासून उडवायचे, आणि मंगरू त्यांचा जोडीदार. दामिनीने मंगरूपुढे चहा ठेवला, काहीतरी पुटपुटली आणि आत निघून गेली.

परदेशातून ती परवाच आली होती, आणि येईल त्याच्यापुढे बाबांनी हेच लावून धरलं होतं. दामिनी भौतिकशास्त्रज्ञ. विश्वात जे दिसत नाही, पण ज्याच्या वजनाने दीर्घिका विखरायच्या थांबल्यात, त्या डार्क मॅटरचा कण पकडायचा, यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. कण टिपणारी टाकीही एका बंद पडलेल्या खाणीत, वरचे किरण पोचू नयेत इतकी खोल. पोरगी आपल्यासारखीच खाली उतरते, याचा मारोतरावांना कोण अभिमान.

महिन्यापूर्वी तिला नोंदींमध्ये हव्या तशा खुणा दिसल्या. निकालाच्या दिवसापर्यंत कुणापाशी बोलायचं नाही, असा तिथला दंडक. पण त्याच आठवड्यात आईने फोनवर सांगितलं, की बाबांच्या छातीच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत. मग हिला राहवलं नाही. सापडल्यासारखं दिसतंय, एवढंच ती फोनवर बाबांना म्हणाली. मारोतराव मंगरूचा आधार घेत खाणीच्या फाटकाशी गेले आणि पाळी सुटताना भेटेल त्याच्या हातावर पेढा ठेवत सुटले.

ती इकडे यायला निघण्याआधीच निकालाचा दिवस आला आणि त्या खुणा खोट्या निघाल्या. शोधणाऱ्याने आशेपायी स्वतःलाच फसवू नये, म्हणून संघातलाच एक जण गुपचूप नोंदींत खोट्या खुणा मिसळून ठेवतो आणि शेवटी काढून घेतो. त्या काढल्यावर मागे काहीच उरलं नाही. प्रयोगही बंद झाला.

स्वयंपाकघरात दामिनीने आईला हे सांगितलं. देवकाबाई लाखोळीची डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"नोको सांगू त्याईले. किती दिवसाचे आहेत ते. खुशीनं जाऊ दे."

दामिनीला ते पटलं होतं. पण मंगरू गेल्यावर बाबांनी तिला जवळ बसवलं आणि तो कण दिसतो कसा, हे लहान पोराच्या हौसेने विचारलं. तिच्याने खोटं बोलवेना.

"बाबा, सापडलं नाई. ते खोटं होतं."

"कोनं टाकलं खोटं?"

"आमच्यातल्याच एकानं. आमी फसू नये म्हणून."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. एवढ्या वर्षांचं काहीच नाही का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. काहीच नाही, असं ती म्हणाली.

"मंगरूले बलाव. पाळी सुटाच्या आंधी फाटकावर जा लागते."

देवकाबाई दारात आडव्या आल्या. मारोतराव धुतलेला शर्ट मागत म्हणाले, "बार फुटला नाई त ज्यानं भरला त्यानंच पुढच्या पाळीले सांगाचं असते. न सांगता घरी येनं नाई."

खाणीतला तो रिवाज घरात सगळ्यांना ठाऊक होता. न सांगता निघून गेलं, तर पुढचा माणूस, आत दारू तशीच असलेल्या त्याच भोकावर ड्रिल धरतो आणि मरतो. देवकाबाईंनी शर्ट आणून दिला.

फाटकाशी मारोतरावांनी मंगरूचा हात सोडवला, काठी दामिनीकडे दिली आणि ते एकटे उभे राहिले. पाळी सुटली. ओळखीचा जो दिसेल त्याला थांबवून, मध्येमध्ये दम घेत, ते तेच सांगत होते. पोरीले सापडलं नाई, मीच तुमाले चुकीचं सांगतलो. कुणी म्हणालं, जाऊ द्या काकाजी. कुणाला पेढा खाल्ल्याचंही आठवत नव्हतं.

तेजराम नावाच्या तरण्या ड्रिलवाल्याने मात्र हसत विचारलं, "मंग इतके वर्स काय केलं म्हने तिनं?"

"खाली उतरली," मारोतराव म्हणाले.

तेजरामचं हसू ओसरलं. फाटकाशी मग कुणी उरलं नाही. दामिनीने काठी पुढे केली, पण मारोतरावांनी ती घेतली नाही. त्यांनी मंगरूचा खांदा धरला आणि दोघे म्हातारे घराकडे निघाले. दामिनी काठी घेऊन मागून चालत राहिली.