उत्तरेची भिंत

"या बाजूचे सांधे कोणी भरले?"

मिस फेननं हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर पुन्हा टकटक केलं. आवाज पोकळ आला.

हिल्डा पेटिफर तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. पाऊस बारीकच होता, पण बाईंचे कागद भिजायला नकोत. दर पाच वर्षांनी चर्चची तपासणी होते, ती आज होती. ती करायला मिस फेन पहिल्यांदाच आली होती. पस्तिशीची, कमी बोलणारी. सकाळपासून छप्पर, घंटांचा मनोरा, दक्षिणेकडच्या गोल कमानी आणि त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी बांधलेल्या टोकदार कमानी, सगळं बघून झालं होतं. उरली होती ही एक भिंत.

"जुनंच काम आहे ते," जेराल्ड टफनेल घाईनं म्हणाला. तो चर्चचा विश्वस्त. "वहीत 'भिंत दुरुस्त केली' एवढंच आहे. सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराला कधीतरी." बोलताना त्यानं हिल्डाकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

हिल्डा रोज सकाळी सातला चर्चचं कुलूप काढायची. प्रार्थनेच्या घंटेचे नऊ ठोके द्यायची, दिवसाचं स्तोत्र म्हणायची आणि जायच्या आधी याच भिंतीच्या आतल्या अंगाला असलेल्या संत ख्रिस्तोफरसमोर क्षणभर थांबायची. सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी चुन्यावर रंगवलेला तो उंच माणूस, खांद्यावर बाळ येशू, पायाशी नदी, नदीत मासे. त्याला सकाळी पाहिलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, असं तिची आई मानायची. मरणाचं हिल्डाला फारसं काही वाटत नव्हतं. पण दोन हिवाळ्यांत ओल त्याच्या गुडघ्यांपर्यंत चढली होती. चार माशांपैकी तीन पोपडे होऊन जमिनीवर पडले होते. ते तिनंच झाडून काढले होते.

"अशा भिंतीला चुना लागतो," मिस फेन म्हणाली. "चुना पाणी घेतो आणि परत सोडतो. इथे वरून सिमेंट बसवलंय. पाणी आत कोंडतं, मग ते आतल्या बाजूनं निघतं. आणि मागच्या मागे दगडाचा भुगा होतो. तसं झालं असेल तर ही भिंत उतरवावी लागेल."

"आणि चित्र?" हिल्डानं विचारलं.

"चित्र भिंतीवरच आहे ना, पेटिफरबाई."

हिल्डानं छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"क्लिफर्डनं भरले," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात. एक पेनीसुद्धा घेतली नाही. पाणी मी आणून देत होते."

"अगं, तुला कुणी विचारलं होतं का?" जेराल्ड पुटपुटला.

"विचारलं की. आत्ताच."

क्लिफर्डला जाऊन सहा वर्षं झाली होती. गावातली निम्मी धुराडी त्यानं बांधलेली.

मिस फेन रागावली नाही. "त्या काळात सगळ्यांनीच हे केलं," ती म्हणाली. "मोठमोठे शिकलेलेसुद्धा सिमेंटच सांगायचे." मग तिनं पिशवीतून छिन्नी काढली आणि दोन दगडांच्या मधल्या सांध्यावर टेकवली.

हिल्डानं डोळे मिटले. सकाळचं स्तोत्र तिनं मनात पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या ओळीवर काहीतरी गवतात पडल्याचा आवाज आला.

पावाच्या कापाएवढा सिमेंटचा तुकडा होता, एका फटक्यात सुटून आलेला. त्याच्या मागे जुना चुना होता, पिवळसर, ओलसर. कडेचा दगड मधाच्या रंगाचा, त्यावर पहिल्या गवंड्याच्या टाकीचे तिरके घाव जसेच्या तसे. मिस फेननं चाकूचं टोक त्यात रुतवून पाहिलं. रुतलं नाही. तिनं खिडकीखाली एक जागा उघडली, मग पायथ्याशी, मग कोपऱ्यात. प्रत्येक ठिकाणी दोन-चार तुकडे असेच अलगद निघाले. चाकू कुठेच आत गेला नाही.

ती हसायला लागली.

"सांधा आधी तीन बोटं खोल खरवडतात, मग भरतात. यांनी खरवडलंच नाही. नुसतं वरून लिंपलंय, म्हणून दगड वाचला."

"म्हणजे?"

"म्हणजे काम वाईट आहे, पेटिफरबाई. देवाची कृपा म्हणायची. नीट केलं असतं तर भिंत गेली असती."

मग जेराल्ड खाकरला. "त्या उन्हाळ्यात पबात डार्ट्सचे सामने होते. चार वाजले की थापी टाकून हा गायब."

"तीन," हिल्डा म्हणाली. "तीनलाच जायचा." तिला हसू आवरेना. छत्री हलू लागली आणि मिस फेनच्या कागदांवर पाणी गळलं. "चाळीस वर्षं सांगत आलेय मी, पंचक्रोशीत त्याच्या हाताला तोड नव्हती म्हणून. त्याच्या अंत्यविधीलासुद्धा सांगितलं."

"सांग की पुढेही," जेराल्ड म्हणाला. "आम्ही कधी अडवलं तुला?"

परवानगी आली की सगळं सिमेंट काढायचं, चुना भरायचा. वर्षा-दोन वर्षांत भिंत वाळेल, असं मिस फेननं लिहून घेतलं. ख्रिस्तोफर राहील. एक मासा राहील. गेले ते गेले.

मिस फेन गेल्यावर हिल्डानं गवतातले तुकडे एकेक करून बादलीत गोळा केले.

"दे इकडे, कचऱ्यात टाकतो," जेराल्ड म्हणाला.

"राहू दे."

फाटकाजवळ, जिथे शवपेटी खांद्यावर घेऊन येणारे नेहमी अडखळायचे, तिथे वाटेत एक खड्डा होता. हिल्डानं बादली त्यात उपडी केली. गुडघे टेकून तुकडे फोडले, मोठे खाली आणि बारीक वर असे लावले, कडेची माती ओढून घेतली. मग उठून त्यावर उभी राहिली, आधी एका पायावर, मग दोन्ही पायांवर.

काही हललं नाही.