माझ्या पाठीवरचा कागद

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझी काच तडकली आहे, कडा झिजल्या आहेत, आणि त्याचे मला काही वाटत नाही. वाटते ते माझ्या पाठीवरच्या कागदाचे. त्यावर मोठ्या अक्षरांत 'सेन्सर खराब' असे लिहिले आहे. हे धादांत खोटे आहे, आणि का खोटे आहे ते मी आज सांगणारच.

माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक सेन्सर आहे. मला कुणी उचलले, हलवले, आपटले की त्याला ते कळते. इतकेच नव्हे, मी गप्प पडून असलो तरी पृथ्वी मला कोणत्या बाजूला ओढते आहे हे तो सांगत राहतो. म्हणून तर मला आडवे धरले की माझ्यावरचे चित्रही आडवे होते. मात्र तो फक्त आकडे सांगतो. त्यांचा अर्थ काय लावायचा हे अ‍ॅप लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा अन्याय इथेच झाला.

दोन मालकांच्या खिशात राहून मी दूरच्या बेटांच्या देशात, सुवा शहरातल्या एका लहानशा कचेरीत आलो. तिथे आकानीसी नावाची मुलगी एक अ‍ॅप लिहीत होती. म्हातारे माणूस पडले की त्याच्या खिशातल्या फोनने भोंगा वाजवायचा आणि घरच्यांना कळवायचे, असे ते अ‍ॅप. ते तिच्या आजोबांसाठीच होते. आजी गेल्यापासून सेमेसा आजोबा कांदावू बेटावरच्या गावी एकटे राहत. ऊराया काका त्यांना सुवाला आणायच्या मागे लागला होता, पण आजोबांचा जीव त्यांच्या दालोच्या, म्हणजे अळूसारख्या कंदाच्या, मळ्यात.

शेवटी काकाने आकानीसीला सांगितले, "तुझा भोंगा नीट चालला तर राहू दे त्यांना तिकडे. नाही चालला तर मी स्वतः जाऊन घेऊन येईन, मग रडायचं नाही."

मग माझे हाल सुरू झाले. मला दालोच्या कंदांच्या पोत्याला बांधायचे आणि ते पोते टेबलावरून खाली ढकलायचे. आकानीसीचा साहेब फिलीमोनी खुर्चीत रेलून विचारायचा, "काय गं, दालो शुद्धीवर आले का?" सगळे हसायचे. मी मार खात होतो आणि इमानाने आकडे देत होतो. पोते पडताना क्षणभर वजन नाहीसे होई, मग दणका बसे, मग सारे शांत. या तीन खुणा दिसल्या की माणूस पडले, असे तिने अ‍ॅपला शिकवले. पृथ्वीची ओढ मात्र प्रत्येक आकड्यात मिसळलेली असे, आणि तिला ती अडचण वाटे. "हा कचरा आधी वजा करते," असे म्हणून तिने तो भाग टाकून दिला. कचरा म्हणे. मी तेव्हाच चिडलो होतो, पण मला विचारतो कोण?

बोटीने मी कांदावूला गेलो आणि आजोबांच्या शर्टाच्या वरच्या खिशात बसलो. पहिल्याच संध्याकाळी गावातली जाणती माणसे यांगोना, म्हणजे एका मुळीचे पेय, प्यायला जमली. तिथे बसलेल्या मंडळींसमोर उभे राहणे म्हणजे उद्धटपणा. आत यायचे ते वाकून, आणि लगेच चटईवर मांडी घालायची. आजोबांचे गुडघे आखडलेले. ते अर्धे खाली जात आणि उरलेले अंग सोडून देत. धप्पकन आवाज होई. मग करवंटीचा प्याला आपल्यापर्यंत येईस्तोवर ते अदबीने निश्चल बसत. वजन नाहीसे, दणका, शांतता. मी पाहिले तेच सांगितले, आणि भर बैठकीत अ‍ॅपने भोंगा वाजवला.

बोलणाऱ्याचे बोलणे तोंडातच राहिले. गावातली नर्स धावत आली. सुवाहून ऊरायाचा फोन आला. आजोबांचे तोंड एवढेसे झाले. तेवढ्यात एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "सेमेसा, तुझ्या खिशातल्या पाहुण्याला आधी प्याला देऊ या. फार तहानलेला दिसतोय."

रोज संध्याकाळी हेच होऊ लागले. आजोबा बैठकीला जायचे टाळू लागले. आकानीसीने फोनवर ऐकून घेतले आणि तडक निकाल दिला, "त्या जुन्या फोनचा सेन्सर भलताच हळवा आहे." आजोबा कसे बसतात हे तिने विचारले नाही. कचेरीत बसणे म्हणजे खुर्चीत बसणे, तिथे कुणाला शंका येणार? तिने सुवातूनच अ‍ॅप बदलले. दणका मोठा असेल तरच माणूस पडले म्हणायचे. भोंगा बंद झाला, सगळे खूश झाले. मी सोडून.

आणि एका सकाळी मळ्याच्या ओल्या उतारावर आजोबांचा पाय घसरला. ते मऊ चिखलात कुशीवर पडले. चिखलात दणका कसला बसणार? मी आडवा पडलो होतो. पृथ्वीची ओढ माझ्या कुशीतून जात होती, आणि मी तेच तेच ओरडून सांगत होतो. अ‍ॅपने ते कचरा म्हणून वजा केले आणि दणका फार हलका असे म्हणून गप्प बसले. आजोबा हाका मारत होते. दुपारी शेजारीण शोधत आली तेव्हा त्यांचा पाय मोडलेला होता आणि आवाज बसलेला होता.

ऊराया आला आणि बोलल्याप्रमाणे त्यांना सुवाला घेऊन गेला. मला कचेरीत परत आणले. फिलीमोनीने माझ्या पाठीवर हा कागद चिकटवला आणि मला खणात टाकले. मित्रांनो, खरे सांगितल्याची शिक्षा याहून मोठी कोणती?

इस्पितळात आकानीसी रडत म्हणाली, की फोनने फसवले. पुढे मी खणातून सुटल्यावर तिने घरी ऊरायाला तो संवाद सांगितला तेव्हा मी तिच्या हातात होतो, म्हणून मला ठाऊक आहे. आजोबा तिला म्हणाले होते, "पोरी, मी धप्पकन बसतो हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मला एकदा विचारायला काय झालं होतं? त्या दिवशी मी आपटलोच नाही. नुसता आडवा झालो."

आजोबांचे ते ऐकून ती इस्पितळातून थेट कचेरीत धावली आणि तिने मला खणातून काढले. मला शर्टाच्या खिशात ठेवून ती चटईवर धप्पकन बसली. मग आडवी झाली. पुन्हा बसली. बसलेल्या माणसाची छाती उभी असते, पडलेल्याची आडवी, आणि हा फरक मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. तिने वजा केलेला कचरा मुकाट्याने अ‍ॅपमध्ये परत घेतला: दणका लहान असो वा मोठा, अंग खाली जाऊन छाती आडवी राहिली तरच भोंगा.

आजोबा काठी टेकत चालू लागले. ऊरायाच्या घरी त्यांना उंच खुर्ची दिली होती, आणि खाली बसलेल्या मंडळींत ते संकोचून बसत. एका संध्याकाळी गावाकडची माणसे आली. आजोबांनी खुर्ची बाजूला सारली, मला खिशात टाकले आणि अर्धे वाकून अंग सोडून दिले. धप्प. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

मी सांगितले, छाती उभी आहे. भोंगा वाजला नाही. आजोबांनी रिवाजाप्रमाणे पोकळ हातांनी टाळी वाजवली आणि प्याला घेतला.

ऊरायाने ती उंच खुर्ची उचलून बाहेर ठेवली. मग म्हणाला, "आबा, उद्या कांदावूच्या बोटीची चौकशी करतो."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्राला रागाने आपटण्याआधी आठवा, ते काय सांगत होते आणि तुम्ही काय टाकून दिलेत. माझी माफी अजून कुणी मागितलेली नाही, आणि मी ती मागतही नाही. मी आजोबांबरोबर गावी जातो आहे. बोटीत बसण्याआधी माझ्या पाठीवरचा तेवढा कागद मात्र काढा.