कोरे कान

शिंपीणबाई वरच्या खोलीत नेमकं काय काम करतात, असं कुणी विचारलं की त्यांची थोरली जाऊ सांगायची, "खुर्चीत बसून ऐकते. घरात मात्र माझं एक ऐकत नाही."

हे अगदीच खोटं नव्हतं. आठवड्यातल्या काही दुपारी शिंपीणबाई मशीनवर कापड झाकायच्या आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा जिना चढायच्या. वर बायबल रोजच्या बोलण्यातल्या भाषेत उतरवायचं काम चाले. हिब्रू आणि ग्रीक कोळून प्यायलेले म्हातारे सर मूळ मजकूर उलगडून सांगत, चष्मेवाल्या बाई तो आपल्या भाषेत बसवत. उतारा तयार झाला की बाई तो शिंपीणबाईंना एकदाच वाचून दाखवत. शिंपीणबाईंनी जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, बाईंनी ते उतरवून घ्यायचं. सांगताना त्या जिथे अडतील, तिथे भाषांतरात खोट.

अट एकच. मुळात काय आहे ते ऐकणाऱ्याला ठाऊक नसावं, कारण ठाऊक असलेला माणूस मधली भोकं आपल्या पदरचं घालून बुजवतो. बाई म्हणायच्या, "आम्हाला तुमचे कान कोरे हवेत."

शिंपीणबाईंना ते पटत होतं. शिवण कशी आहे ते कपडा उलटा केल्याशिवाय कळतं थोडंच. शिवाय त्या खुर्चीवर त्यांचा जीव होता. आयुष्यभर त्या बोलत आल्या होत्या, पण त्यांचं बोलणं कुणी लिहून घेतंय असं दुसऱ्या कुठल्याही खोलीत घडलं नव्हतं.

अडचण होती ती त्यांच्या चौकसपणाची, आणि सरांची. विद्यार्थी संपले तरी सरांची शिकवायची खोड संपली नव्हती.

खाली दुकानाच्या बाकावर चहा पिताना शिंपीणबाईंनी एकदा खडा टाकून बघितला. "सर, प्रेमाला त्या लोकांकडे शब्द तरी किती?"

"तुम्हाला सांगायचं नाही, असं ठरलंय."

"उतारा नका सांगू. नुसता शब्द सांगा. कापड झाकून ठेवा, दोरा तेवढा दाखवा."

सरांचं बिस्कीट चहात विरघळलं तरी त्यांना पत्ता नव्हता. "हिब्रूत अहावा. बायकोवरची, मित्रावरची, देवाची माणसावरची. चमचमीत जेवणावरचीसुद्धा."

"म्हणजे आपल्यासारखंच. सगळ्याला एकच बटण."

"पण हेसेद वेगळं. ते एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून तर आम्ही इथे म्हातारे झालो. धरलेला हात सोडायचा नाही, समोरचा त्या लायकीचा असो वा नसो. असं काहीसं."

शिंपीणबाई तो शब्द घरी घेऊन गेल्या आणि जावेला लावून बघायला लागल्या. त्यांची पाठ धरली होती तेव्हा जावेनं रोज शेक दिला होता, आणि रोज टोमणेही. त्याला अहावा म्हणवेना. हेसेद म्हणायला हरकत नव्हती.

"काय बघतेस एवढं?" जावेनं विचारलं.

"काही नाही. माप घेतेय."

पुढच्या चहाला सरांनीच विषय काढला. "हिब्रूत कळवळ्याला रहामीम म्हणतात. रेहेम म्हणजे गर्भाशय, त्याच्याच घरातला शब्द."

"आणि ग्रीकांचा कळवळा कुठून येतो?"

"आतड्यांतून. स्प्लांख्ना. आतडी, काळीज, पोटात असेल नसेल ते सगळं. तिथे ढवळलं की माणूस जागचा हलतो."

"मग ते आपलेच म्हणायचे," शिंपीणबाई म्हणाल्या, आणि दोघांनाही आपण काही वावगं केलं असं वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी नवा उतारा वाचला. चोरांनी लुटून, मारून एक वाटसरू रस्त्याकडेला टाकलेला. दोन प्रतिष्ठित माणसं वळसा घालून जातात. तिसरा येतो परक्या जातकुळीचा, ज्याला कुणी जवळ करत नाही असा. त्याला दया येते आणि तो थांबतो.

शिंपीणबाई सांगायला लागल्या. "पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या मात्र पोटात तुटलं."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला. "मी 'दया आली' वाचलं आणि तुम्ही हे ऐकलंत. सर, या कुणी न सांगता मूळ शब्दापर्यंत पोचल्या." त्यांनी 'दया आली' खोडलं आणि वर 'पोटात तुटलं' लिहिलं.

सर पंख्याकडे बघत बसले.

शिंपीणबाईंनी गप्प बसायला हवं होतं, म्हणजे खुर्ची राहिली असती. पण हे आलं कुठून? वाचलेल्यातून की बाकावरच्या चहातून? पोटात तुटणं तर त्या बोलायला लागल्यापासून म्हणत होत्या, मांजराच्या पिलासाठीसुद्धा. तरी कालचा शब्द ओठांत धरलेल्या टाचणीसारखा तोंडात होताच. त्यांना खरोखर सांगता येईना, आणि सांगता येत नाही हीच खोट होती.

"बाई, खोडलंय ते परत लिहा," त्या म्हणाल्या. "माझे कान कोरे राहिले नाहीत."

सगळं ऐकून बाई सरांकडे वळल्या. "तुम्ही?"

"मी फक्त शब्द सांगितला."

"आणि खुर्ची रिकामी केलीत." बाईंनी 'दया आली' पुन्हा जागेवर लिहिलं. "आता दुसरे कान शोधायला हवेत."

शिंपीणबाईंनी पिशवी उचलली. दारात त्या थांबल्या. "आमच्या घरी एक जोडी आहे. आजवर माझं एक अक्षर त्यात शिरलेलं नाही."

जाऊ आली. खुर्ची डुगडुगत नाही ना ते हलवून बघितलं, मग बसली. शिंपीणबाईंना पार्टिशनमागे बसवलं होतं, खोकायचंही नाही अशा बोलीवर. बाईंनी 'दया आली' तसंच ठेवून उतारा वाचला.

"तिसरा आला," जाऊ म्हणाली. "त्याला दया आली. काहीतरी हातावर ठेवलं असेल आणि गेला."

"पण त्यानं जखमा बांधल्या. आपल्या जनावरावर बसवून मुक्कामाला नेलं."

"ते ऐकलं मी. पटलं नाही. दया आलेला माणूस एवढा थांबत नाही. त्याचं काहीतरी नातं असणार, तुम्ही लिहायचं विसरलात."

मग बाईंनी पेन उचललं, आणि या खेपेला 'दया' खोडताना त्यांनी सरांकडे बघितलंसुद्धा नाही.

"पुन्हा याल?" त्यांनी जावेला विचारलं.

"येईन की. इथे माणसं मधे तोंड घालत नाहीत."

सर पार्टिशनमागे आले आणि शिंपीणबाईंच्या कानाशी वाकले. "आता तुमच्यापासून लपवायचं काही उरलं नाही."

"चहाला या," त्या कुजबुजल्या. "पण ही नसेल तेव्हा."

घरी जाताना जावेची पावलं मंदावली. "अगं, खरं सांग. कोण होता तो त्याचा?"

इतक्या वर्षांत तिनं शिंपीणबाईंना असं काही विचारलं नव्हतं. आणि आज त्यांच्याकडे सांगायला होतं, आतड्यांपासून सगळं. एक शब्द निघाला असता तर वरची खुर्ची पुन्हा रिकामी झाली असती.

"मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या.

"खोटारडी." जाऊ थोडं चालली. "मेव्हणा असेल."

"मेव्हणा एवढं करत नाही," शिंपीणबाई म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत ओठ घट्ट मिटून चालत राहिल्या.