मांडलेली वावडी

थांबा, आधी त्या कोंबडीला माझ्या डोक्यावरून हाकला, मग बोलू. रोज सकाळी इथं चढून बसते आणि स्वतःला पाटलीण समजते. हुश्श! गेली एकदाची. हं, आता ऐका.

मी वावडी. कासार आंबोलीच्या कुशाबाची वावडी. तीन पाय, वर एक फळी आणि उंची माणसाच्या छातीला लागेल एवढी. शहरातल्या माणसांना मी काय कामाची ते कळत नाही. परवा पुण्याचा एक पाहुणा माझ्यावर आपली टोपी ठेवून गेला! अहो, मळणी झाली की दाणा आणि भुसा एकत्रच असतो. मग माणूस माझ्यावर उभा राहतो, खालून कोणीतरी भरलेली पाटी वर देतं, आणि तो ती वाऱ्यात हळूहळू ओततो. दाणा जड, तो सरळ खाली पडतो. भुसा हलका, तो वाऱ्याबरोबर पलीकडं उडतो. ह्यालाच उपणणं म्हणतात. एवढंच माझं काम. पण ह्या कामाशिवाय घरात शिजायला दाणा यायचा नाही, हे विसरू नका.

मला गेणबा सुतारानं घडवलं. डोंगरातल्या ऐनाचं लाकूड होतं. दोन पाय झकास झाले, आणि तिसऱ्याला लाकूड कमी पडलं. गेणबा म्हणाला, "कुशाबा, बोटभर आखूड हाय. खाली लाकडाची चीप घाल, डुलायची न्हाई." तेव्हापासून माझ्या तिसऱ्या पायाखाली काहीतरी सारावं लागतं. लंगडी म्हणून मला कोणी हिणवलं नाही, पण मनात थोडं खुपायचंच.

कुशाबा माणूस देवभोळा आणि हट्टी. आमच्याकडं मुख्य पीक भाताचं. मार्गशीर्षात भात झोडलं की तो खळ्यावर मला मांडायचा, हळदकुंकू वाहायचा, नारळ फोडायचा. आणि एकदा मांडली की रास पुरी होईपर्यंत मला तसूभरही हलवायचं नाही, असा त्याच्या घराचा दंडक. कधी काळी त्याच्या बापानं अर्ध्यावर वावडी हलवली आणि त्याच साली त्यांचा बैल बसला तो उठलाच नाही, म्हणे. मार्गशीर्षातला वारा गुणी. उगवतीकडून सुटला की दिवसभर एका वाटेनं वाहतो. त्यामुळं ह्या दंडकानं कधी कुणाचं नुकसान झालं नाही. मलाही तो मानाचा वाटायचा. कोणाला नाही आवडत, आपल्याला कोणी हलवू नये असं?

मग त्या घरात रत्ना आली. कुशाबाचा मुलगा जयसिंग खडकीला कामाला, आठवड्याला एकदा घरी यायचा. त्याची ही बायको पार तिकडं शिरूरकडची. भात निघाल्यावर मोकळी पडलेली खाचरं बघून ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, एवढी वल हाय जमिनीत, आणि तुमी ती उन्हाला देता? गहू करू की."

सासू धोंडाबाईनं कपाळाला हात लावला. "हितं कुटं गहू हुतो, बाई? हे भाताचं रान."

पण पोरगी खमकी. माहेरून बियाणं आणलं, जयसिंगाच्या मागं लागून नदीकाठचं एक खाचर नांगरून घेतलं आणि गहू पेरला. सगळ्या वाडीला करमणूक झाली. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "काय रत्नाबाई, पोळ्या कधी लाटायच्या?" कुशाबा मात्र हसला नाही. त्यानं एकच सांगितलं, "ह्या सालाला केलंस ते केलंस. घरात गहू आला तर बघू. न्हाईतर पुन्यांदा त्या रानात हात घालायचा न्हाई, आणि मला शेती शिकवायची न्हाई." झालं! पोरीचा घरातला शब्द त्या एका खाचराला टांगला गेला.

गहू आला बरं का. फार नाही, पण भरलेल्या ओंबीचा आला. छप्पन सालचा फाल्गुन संपत आलेला, पाडवा तीन दिवसांवर. खळं शेणानं सारवलं, बैलांनी मळणी झाली आणि मला बाहेर काढलं. गव्हाला मी पहिल्यांदाच उभी राहत होते. सकाळभर पानसुद्धा हललं नाही. कुशाबा तंबाखू मळत बसून राहिला. दहा-अकराच्या सुमाराला मावळतीकडून, घाटावरून गार वारा आला. कुशाबानं मला मांडलं, आखूड पायाखाली चीप सारली, नारळ फोडला आणि वर चढला. धोंडाबाई आणि रत्ना पाट्या द्यायला लागल्या. दुपारपर्यंत निम्मं काम झालं. माझ्या पायाशी लालसर, टपोऱ्या दाण्याची रास वाढत होती. रत्ना मधूनच मूठभर उचलून बघायची आणि सासू बघतेय म्हटल्यावर टाकून द्यायची. मला हसू येत होतं.

दुपार कलली आणि वारा पडला. नुसता पडला नाही, मेलाच. अंगाला घाम सुटला. कावळे उगाच ओरडायला लागले. मग मागून, उगवतीच्या अंगानं एक झुळूक आली. पलीकडं साठलेला भुसा उडून थेट स्वच्छ राशीवर येऊन बसला. सिंहगडाकडच्या बाजूला काळा ढग उभा राहिलेला. सकाळी तिथं काही नव्हतं हो!

"मामंजी, वारा फिरला," रत्ना म्हणाली.

"फिरंल परत."

"न्हाई यायचा आता. आमच्याकडं ह्या दिसांत असंच हुतं. पाऊस घेऊन येणार ह्यो. वावडी राशीच्या पल्याड घ्या, ह्याच वाऱ्यावर उरलेलं उपणून हुईल."

"मांडलेली वावडी हालवायची न्हाई." कुशाबा खाली उतरला आणि माझ्या पायाशी ठाण मांडून बसला. "माझ्या बापानं हालवली, तर बैल बसला."

"बैल वावडीनं बसला व्हय?"

धोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. हसण्यासाठी की भीतीनं, ते मला अजून कळलेलं नाही. कुशाबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "लई बोलतीस! मार्गेसरात चाळीस साल हितंच उपणतोय मी. तुज्याएवढं वाऱ्यातलं आमाला कळत न्हाई काय?"

"मार्गेसरातलं तुमाला कळतंय, मामंजी. म्या कुटं न्हाई म्हनलं? पर ह्यो वारा मार्गेसरातला न्हाई. भुसकट भिजलं तर दाण्याला आतूनच मोड येत्यात. निम्मा गहू जाईल."

रडू आलं होतं तिला. चार महिने उन्हातान्हात राखलेलं ते पीक, आणि ते जाणार होतं ते पावसानं नव्हे, तर माझ्या मानापानानं! खरं सांगते, त्या घटकेला मला माझ्या मानाची लाज वाटली. मला पाय आहेत तीन, पण एकही स्वतःहून उचलता येत नाही.

ढगात गुरगुरलं. कुशाबा घोंगडी आणायला घराकडं वळला. सगळं झाकून वाट बघायचा त्याचा बेत. त्याची पाठ फिरली मात्र, रत्नानं पदर खोचला, "आत्याबाई, रासंवर गोणपाट टाका," म्हणाली आणि माझ्या पोटाखाली खांदा घातला. मी काही हलकी नाही हो! पण त्या पोरीनं मला उचललं, राशीला वळसा घालून मावळतीच्या अंगाला नेलं आणि टेकवलं. मी डुलले. चीप मागंच राहिली होती. तिनं इकडं तिकडं बघितलं, पूजेच्या नारळाची करवंटी दिसली, तीच दगडानं फोडून तुकडा माझ्या आखूड पायाखाली सारला. "देवा, माफ कर," म्हणाली आणि वर चढली. त्या घरातली बाई माझ्यावर पहिल्यांदाच उभी राहिली.

"आत्याबाई, पाटी!"

धोंडाबाईनं एक पाटी दिली. वारा आता भरात आला होता. पाऊस येण्याआधी सुटतो तो, एका दमाचा. भुसा लांब उडत होता, दाणा टपटप खाली पडत होता. दुसरी पाटी दिली. तिसऱ्या पाटीला म्हातारीच्या कमरेत उसण भरली आणि ती खाली बसली. तेवढ्यात घोंगडी घेऊन कुशाबा परत आला. त्यानं हलवलेली वावडी बघितली, वर उभी असलेली सून बघितली.

"खाली उतर!"

"उतरते, मामंजी. एवढी पाटी हुं द्या."

ती पाटीसाठी हात खाली करून उभीच राहिली. डोळ्यांत कुसळं गेलेली, केस उडतायत. कुशाबानं ढगाकडं बघितलं. मग खाली पडलेल्या दाण्याकडं बघितलं. एकही कुसळ नव्हतं त्यात. मी मनात म्हणत होते, अरे बाबा, दे की! आणि पाटी वर आली. सासऱ्यानं पाटी भरायची आणि सुनेनं उपणायचं, हे आमच्या वाडीत कोणी बघितलं नव्हतं. शेजारचा कोंडाजी बांधावर उभा राहून आ वासून बघत होता. कुशाबा त्याच्यावर खेकसला, "बघत काय उभा ऱ्हायलास? पोती धर!"

पाटीमागून पाटी वर यायला लागली. मग टपकन एक गार माझ्या फळीवर आदळली. आधी हरभऱ्याएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. पोती घरात गेली, माणसं घरात गेली. शेवटच्या दोन पाट्या राहिल्या त्या भिजल्याच. पुढं त्यांना मोड आले आणि कोंबड्यांची चंगळ झाली. मघाच्या त्या पाटलिणीची पणजीच असेल खाणारी.

मला मात्र सगळेच विसरले. गारांचा मार खात मी एकटी खळ्यात उभी. पाऊस उघडल्यावर कुशाबा आला. त्यानं आपल्या पटक्यानं माझी फळी पुसली, वाकून माझ्या आखूड पायाखाली बघितलं, करवंटीचा तुकडा उचलला आणि बंडीच्या खिशात टाकला.

पाडव्याला घरच्या गव्हाच्या पुरणपोळ्या झाल्या. जयसिंग सुट्टीला आला होता. मी ओसरीवर होते, मला सगळं दिसत होतं. रत्ना दाराआड उभी, जीव मुठीत धरून. कुशाबानं पहिली पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी मागून घेतली. पोरगी अजून तशीच. शेवटी हात धुवायला उठता उठता तो म्हणाला, "रत्ना, बियाला चांगला दाणा बाजूला काढलास का गं?"

"व्हय, मामंजी." एवढंच म्हणाली आणि आत पळाली. चुलीपाशी बसून हसत होती की रडत होती कोण जाणे. दोन्ही असेल.

दुसऱ्या साली दोन खाचरांत गहू होता. कुशाबानं मला खांद्यावरून खळ्यात आणलं, नारळ हातात घेतला, पण मला मांडलं नाही. सगळ्यांदेखत हाक मारली, "रत्ना, कुटं मांडू?" आणि बंडीतून तो करवंटीचा तुकडा काढला. त्यानंतर त्या तुकड्याशिवाय मी कधी उभी राहिले नाही. बैल? बैलाला काही झालं नाही. चांगला म्हातारा होऊन गेला.

ह्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. भरे गावात हातानं फिरवायचं पंख्याचं यंत्र आलंय. आळीपाळीनं सगळे तेच नेतात. त्याला वारा लागत नाही, मुहूर्त लागत नाही. चांगलं आहे, मी कशाला नावं ठेवू? मी दारात उभी असते. माझ्यावर कधी घागर, कधी कुरडयांचं ताट, आणि ती कोंबडी. कुशाबाला आता नीट दिसत नाही. तो माझ्या पायाला टेकून उन्हाला बसतो. मला एकदा चुलीत जायचंय, ते मला ठाऊक आहे. त्याचं दुःख नाही. म्हणणं एवढंच, की जाळण्याआधी एकदा विचारा, काही काम उरलंय का म्हणून.

आज बघा ना. खळ्यात गहू मळून पडलाय, आणि यंत्राची आमची पाळी परवा. सकाळपासून पान हललं नाही. आत्ता उगवतीकडून जराशी झुळूक आली.

"रत्ना," कुशाबानं मान वर केली, "वारा कुटला गं ह्यो?"

रत्ना अंगणात आली. केसांत एखादी चांदीची तार दिसायला लागली आहे तिच्या. तिनं सिंहगडाकडं बघितलं, पदर खोचला, आणि सरळ माझ्याकडं यायला लागली.

चला, मला निघायला हवं. म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशात हात घातलाय.